विहिरीच्या पाण्यातील प्रदूषके, सच्छिद्र सांगाडे आणि विद्युत-रासायनिक तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे विदर्भातील ग्रामपंचायतींचे सदस्य, जलसुरक्षक, विज्ञान शिक्षक आणि रसायनशास्त्राचे पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी लिहिली आहेत. काही उत्तरे थोडी तांत्रिक आहेत. ज्यांना केवळ गावापुरती माहिती हवी आहे, त्यांनी नमुना कसा घ्यावा आणि निकालाचा अर्थ कसा लावावा हे प्रश्न आधी वाचले तरी चालेल.

विदर्भातील खेड्याला या विषयाशी काय देणेघेणे आहे?

आपल्याकडे पिण्याचे पाणी अजूनही मोठ्या प्रमाणात विहिरी, हातपंप आणि बोअर यांतूनच येते, आणि त्या पाण्यातील दोष जागेनुसार बदलतात. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा आणि झरी-जामणी या भागांत, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांत, खडकांतून आलेले फ्लोराइड दातांवर आणि हाडांवर परिणाम करते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात क्षारांचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. काळ्या जमिनीवरील कापूस, सोयाबीन आणि संत्र्याच्या पट्ट्यात युरियासारखी खते आणि गोठ्याजवळचे उकिरडे यांतून नायट्रेट झिरपते. चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे तलाव यांच्या परिसरात जड धातूंची शंका घेणे रास्त ठरते.

यांपैकी खारटपणा तेवढा जिभेला कळतो. नायट्रेट, फ्लोराइड, शिसे किंवा कीटकनाशकाचा अंश पाण्याच्या रंगावरून, वासावरून वा चवीवरून ओळखता येत नाही. टीसीएल पावडर जंतू मारते, परंतु या पदार्थांवर तिचा उपाय चालत नाही. पाणी उकळले तर नायट्रेट कमी होण्याऐवजी त्याची तीव्रता थोडी वाढते, कारण वाफ होऊन जाते ते फक्त पाणी.

गावात फील्ड टेस्ट किट आहे, जिल्ह्याला प्रयोगशाळा आहे. मग आणखी काय हवे?

किटमधील रंग जुळवून पाहण्याच्या पद्धतीने फ्लोराइड, नायट्रेट, क्लोराइड, कठीणपणा, लोह आणि उर्वरित क्लोरीन यांचा अंदाज चांगला येतो, आणि ते किट नियमित वापरणाऱ्या महिलांचे काम फार मोलाचे आहे. शिसे, कॅडमियम, पारा आणि कीटकनाशके मात्र त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी अणू-शोषण वर्णपटमापक किंवा वस्तुमान वर्णपटमापक अशी महागडी यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि अखंड वीजपुरवठा लागतो. त्यामुळे अशा तपासण्या मोजक्याच विहिरींच्या होतात. या दोन टोकांच्या मधली जागा आज रिकामी आहे. तळहातावर मावणारे उपकरण आणि एकदाच वापरायची पट्टी घेऊन पन्नास विहिरींपैकी कोणत्या पाच विहिरींचा नमुना आधी प्रयोगशाळेत न्यावा, एवढे जरी विश्वासाने सांगता आले तरी ते मोठे काम होईल. अशा पट्टीवर लावायच्या सच्छिद्र सांगाड्यांकडून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या स्फटिकांकडून, माझी अपेक्षा नेमकी एवढीच आहे.

सच्छिद्र सांगाडे म्हणजे नेमके कोणते पदार्थ?

धातूचे आयन किंवा त्यांचे लहान समूह हे सांधे आणि कार्बनयुक्त रेणू हे त्यांना जोडणारे दांडे, अशी नियमित त्रिमितीय रचना असलेल्या स्फटिकांना धातू-सेंद्रिय सांगाडे म्हणतात. दांडा बदलला की छिद्राचा आकार बदलतो आणि सांधा बदलला की रासायनिक स्वभाव बदलतो. मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन यांनी १९८९ मध्ये या कल्पनेचा पाया घातला. क्योटोचे सुसुमू कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा रचनेत वायू आत-बाहेर करू शकतो हे दाखवले. ओमर याघी यांच्या गटाने १९९९ मध्ये एमओएफ-५ हा भक्कम सांगाडा तयार केला. या तिघांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याघी यांच्याच गटाने २००५ मध्ये धातूशिवायचे, केवळ कार्बन, बोरॉन, ऑक्सिजन यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे सहसंयुज सेंद्रिय सांगाडे मांडले. त्या पहिल्या सांगाड्यांतील बोरॉनचे बंध पाण्यात टिकत नसत. आम्लातही आणि पाण्यातही टिकणारे सांगाडे २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राहुल बॅनर्जी यांच्या गटाने दाखवले. पाण्याची तपासणी हे उद्दिष्ट असेल तर महाराष्ट्रात झालेले हे काम मला पहिल्या शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते.

छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ किती असते, याचा अंदाज आपल्या मापात द्यायचा तर, झिर्कोनियमच्या यूआयओ-६६ या सांगाड्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे पृष्ठभाग सामावलेला असतो. काही सांगाड्यांत तो ७,००० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे पावणेदोन एकरांच्या घरात जातो.

पाण्यातील पदार्थ विजेच्या साहाय्याने कसा ओळखतात?

पाण्यात विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) बुडवून त्यावरील व्होल्टेज ठरावीक गतीने बदलत नेले, की विशिष्ट पदार्थ विशिष्ट व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेतो किंवा देतो, आणि त्या क्षणी प्रवाहाच्या आलेखावर शिखर उमटते. शिखर कुठे आले यावरून पदार्थ कळतो आणि ते किती उंच आहे यावरून त्याचे प्रमाण कळते. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबावर हे तंत्र उभे केले आणि त्यासाठी त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले. घरोघरी रक्तातील साखर तपासण्यासाठी वापरतात ती पट्टीही याच शास्त्रावर चालते.

शिसे, कॅडमियम यांसारखे धातू इतके अत्यल्प असतात की सरळ मोजणीत त्यांचे शिखर दिसत नाही. म्हणून आधी काही मिनिटे ऋण व्होल्टेज देऊन ते धातू विद्युतअग्रावर जमा करतात आणि मग व्होल्टेज धन दिशेला नेऊन एकदम विरघळवतात. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीच्या बारीक झिऱ्याखाली रात्रभर घागर ठेवून सकाळी ती भरलेली उचलावी, तसाच हा प्रकार आहे. पूर्वी यासाठी विषारी पारा लागे. २००० मध्ये जोसेफ वँग आणि सहकाऱ्यांनी बिस्मथचा थर वापरून पाऱ्याला पर्याय दिला, आणि तेव्हापासून ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर नेण्याचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

या सगळ्यात सांगाड्याचे काम काय असते?

एक, तो हवा तो पदार्थ विद्युतअग्राजवळ गोळा करतो. दांड्यांवर अमिनो गट असला तर शिसे, आणि गंधकयुक्त गट असला तर पारा, त्या गटाला धरून बसतो. दोन, छिद्राच्या मापामुळे मोठे सेंद्रिय रेणू काही अंशी बाहेर राहतात. तीन, सांगाड्यातील धातू स्वतः अभिक्रियेला गती देऊ शकतो किंवा छिद्रांत विकर (एन्झाइम) सुरक्षित राहू शकतात.

अडचण अशी की बहुतेक धातू-सेंद्रिय सांगाडे विजेचे वाहक नसतात. नुसता सांगाडा विद्युतअग्रावर पसरला तर तो प्रवाहाला अडथळाच ठरतो. म्हणून त्यात ग्राफीन, कार्बन नलिका किंवा साधे कार्बन ब्लॅक मिसळतात. कधी सांगाडाच उच्च तापमानाला भाजून सच्छिद्र कार्बन करतात, पण मग त्यातील निवडक रासायनिक गट जळून जातात आणि जे मिळते त्याला सांगाडा म्हणणे फारसे बरोबर नाही. निकेल किंवा तांबे असलेले काही वाहक सांगाडेही आता ज्ञात आहेत.

नायट्रेट, फ्लोराइड आणि शिसे एकाच पट्टीवर मोजता येतील का?

नाही, आणि ते का नाही हे आकड्यांवरून चांगले समजते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा १ आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम, तर शिशाची ०.०१, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. रेणूंच्या संख्येत बोलायचे तर मर्यादेवरचे नायट्रेट हे मर्यादेवरच्या शिशाच्या सुमारे १५,००० पट असते.

यावरून दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. शिशासाठी संवेदनशीलता लागते आणि तेथे सांगाड्याची गोळा करण्याची ताकद उपयोगी पडते. नायट्रेट भरपूर असते, पण ते सहजासहजी इलेक्ट्रॉन घेत नाही. त्यासाठी तांब्याचा पृष्ठभाग चांगला काम करतो, म्हणून तांब्याच्या सांगाड्यांवर बरेच संशोधन झाले आहे. खारपाणपट्ट्यातील पाण्यात मात्र क्लोराइड त्याच पृष्ठभागाला चिकटून नायट्रेटची वाट अडवते.

फ्लोराइड व्होल्टेज देऊन क्षपणही पावत नाही (इलेक्ट्रॉन घेत नाही) आणि ऑक्सिडीकरणही (इलेक्ट्रॉन देतही नाही). त्यासाठी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचे निवडक विद्युतअग्र १९६६ पासून उपलब्ध आहे आणि मर्यादेच्या कितीतरी खालचे प्रमाणही ते नीट मोजते. माझे स्पष्ट मत आहे की ज्या गावाचा प्रश्न केवळ फ्लोराइडचा आहे, त्या गावाने नव्या सांगाड्याची वाट पाहू नये. जुने साधन पुरेसे आहे.

फवारणीच्या औषधांचा अंश कळेल का?

काहींचा कळेल, सर्वांचा नाही, आणि हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या आठवणीमुळे हा प्रश्न आपल्याकडे फार कळकळीने विचारला जातो. ती विषबाधा मुख्यतः श्वासातून आणि त्वचेतून झालेली होती. पाण्यातील अंशाचा प्रश्न त्याहून वेगळा, संथ आणि कमी तीव्रतेचा आहे.

सर्वांत प्रचलित पद्धत अशी: कोलिनएस्टरेज हे विकर सांगाड्यात, बहुधा जस्ताच्या झिफ-८ मध्ये, बंदिस्त करतात. हे विकर थायोकोलिनयुक्त पदार्थाचे विघटन करते, त्यातून निघालेले थायोकोलिन विद्युतअग्रावर प्रवाह देते. पाण्यात ऑर्गनोफॉस्फेट गटाचे कीटकनाशक असेल तर ते विकराला निकामी करते आणि प्रवाह घटतो. माणसाच्या मज्जासंस्थेवर हे औषध ज्या मार्गाने घात करते, तोच मार्ग येथे मोजला जातो. सांगाड्यामुळे विकर उन्हात अधिक काळ टिकते, ही आपल्या हवामानात लहान गोष्ट नव्हे.

मर्यादा अशी की घट झाली म्हणजे कोणते औषध, हे कळत नाही. कार्बामेट गटाची औषधेही तेच करतात. मोनोक्रोटोफॉस विकराला थेट अडवते, परंतु क्लोरपायरिफॉस मूळ रूपात फारसे अडवत नाही. त्यातील गंधकाची जागा ऑक्सिजनने घेतल्यावरच ते प्रभावी होते, म्हणून नमुन्याला आधी ऑक्सिडीकरणाची प्रक्रिया द्यावी लागते. मानकानुसार मोनोक्रोटोफॉसची मर्यादा प्रति लिटर १ मायक्रोग्रॅम आणि क्लोरपायरिफॉसची ३० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एकाच प्रवाह-घटीचा अर्थ औषधानुसार तीसपट बदलू शकतो. सायपरमेथ्रिन किंवा डायाफेन्थ्युरॉन यांचा या विकराशी संबंधच नाही. कपाशीवर वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड त्यातील नायट्रो गटामुळे कार्बनच्या विद्युतअग्रावर थेट क्षपण पावते, त्यामुळे त्याला विकर लागत नाही. ज्या गावात तपासणी करायची तेथील कृषी केंद्रात त्या हंगामात कोणती औषधे खपली, हे आधी विचारून घ्यावे आणि मगच पट्टी निवडावी.

शोधनिबंधांत अतिशय सूक्ष्म प्रमाण मोजल्याचे लिहिलेले असते. मग ही साधने गावात दिसत का नाहीत?

शिशाची ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे प्रति लिटर सुमारे ४८ नॅनोमोल. त्याचा शंभरावा भाग मोजल्याचे दावे आता नवीन राहिलेले नाहीत. गावाला शंभराव्या भागाची गरज नाही. ४८ च्या आसपास, कठीण आणि क्षारयुक्त पाण्यात, मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात आणि ऑगस्टच्या दमट हवेत, पुन्हा पुन्हा तोच आकडा यावा ही गरज आहे. संशोधनाची बरीच शक्ती पहिल्या गोष्टीवर खर्च होते आणि दुसरी गोष्ट निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात उरते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अडचणी ठोस आहेत. छापील पट्टीवरील संदर्भ-अग्र (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात ते अग्र) चांदी व सिल्व्हर क्लोराइडचे असते आणि ते पाण्याला उघडे असते, म्हणून त्याचे व्होल्टेज पाण्यातील क्लोराइडवर अवलंबून राहते. क्लोराइड दहापट वाढले की साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. प्रति लिटर १०० मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या गोड विहिरीवर तयार केलेली पट्टी १,००० मिलिग्रॅमच्या खाऱ्या विहिरीत बुडवली, तर शिखर सरकते आणि उपकरण ते दुसऱ्याच धातूचे समजू शकते. उपाय सोपा आहे: प्रत्येक नमुन्यात ०.१ मोलर होईल इतके पोटॅशियम क्लोराइड मिसळावे, म्हणजे हाच फरक ६ मिलिव्होल्टच्या जवळ येतो.

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोर्डो मिश्रणातून तांबे जमिनीत जाते. तांबे बिस्मथच्या थरावर शिशाशी जागेसाठी स्पर्धा करते आणि शिशाचे शिखर खाली ओढते. बागेलगतच्या विहिरीचे पाणी तपासताना ही शक्यता डोळ्यांआड करू नये. शिवाय गढूळ पाण्यातील मातीला चिकटलेले शिसे या पद्धतीत मोजलेच जात नाही. ते हवे असेल तर नमुना आधी आम्लात पचवावा (तापवून विरघळवावा) लागतो.

म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यावर आखलेला प्रमाण-आलेख विहिरीच्या पाण्याला लावू नये. त्याऐवजी प्रमाणित भर घालण्याची पद्धत वापरावी. विहिरीच्या पाण्याचे आधी मोजमाप घ्यायचे, मग त्याच पाण्यात ज्ञात प्रमाणात शिसे घालून पुन्हा मोजायचे, असे दोन-तीनदा करायचे आणि प्रवाह किती वाढला यावरून मुळातले प्रमाण काढायचे. पाण्यातील क्षारांमुळे शिखर दबत असेल तर ते प्रत्येक मोजमापात सारखेच दबते, त्यामुळे चूक बरीचशी निघून जाते. यात वेळ जातो, परंतु या टप्प्याला फाटा दिलेला कोणताही आकडा मी ग्रामसभेपुढे ठेवणार नाही.

सांगाडा स्वतःच पाण्यात विरघळत नाही का?

काही विरघळतात. एमओएफ-५ हवेतील दमटपणानेही मोडतो. झिफ-८ साध्या आणि अल्कधर्मी पाण्यात बऱ्यापैकी टिकतो, पण आम्लात विघटित होतो. धातूंच्या तपासणीत नमुना अनेकदा आम्लधर्मी करावा लागतो, त्यामुळे तेथे तो अयोग्य ठरतो. २००८ मध्ये ओस्लो विद्यापीठात तयार झालेला यूआयओ-६६ आम्लात उत्तम टिकतो, मात्र फॉस्फेट झिर्कोनियमला घट्ट धरत असल्याने फॉस्फेटयुक्त द्रावणात त्याची रचना ढासळते. तांब्याच्या सांगाड्यातून तांबे सुटले तर ते शिशाच्या मोजमापात मिसळते. वापरानंतर द्रावणात किती धातू सुटला, हा तक्ता नसलेला निबंध अपुरा समजावा.

या पट्टीने जंतू कळतात का?

येथे वर्णन केलेल्या पट्ट्यांनी नाही. जंतूंसाठी जैविक तपासणी आणि टीसीएलचा नियमित वापर यांना पर्याय नाही.

पाण्याचा नमुना कसा घ्यावा?

हातपंप किंवा बोअर असेल तर काही मिनिटे पाणी वाहू द्यावे, नाहीतर नळीत साचलेल्या पाण्याचा आणि नळीच्याच धातूचा निकाल मिळतो. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. धातूंसाठीच्या बाटलीत प्रयोगशाळेने दिलेले नत्राम्लाचे (नायट्रिक आम्लाचे) थेंब घालावेत, नायट्रेटसाठीची बाटली वेगळी ठेवावी आणि ती बर्फात न्यावी. कीटकनाशकासाठी गडद रंगाची काचेची बाटली घ्यावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा नमुने घ्यावेत, कारण पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतातील खत-औषध विहिरीकडे येते. बाटलीवर विहिरीचे नाव, तारीख आणि वेळ लिहिण्याचा कंटाळा करू नये.

निकाल मर्यादेपेक्षा जास्त आला तर?

दुसऱ्या पट्टीवर पुन्हा मोजावे आणि तोही जास्त आला तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. तोवर लहान मुलांना आणि गरोदर महिलांना त्या विहिरीचे पाणी देऊ नये, इतकी काळजी लगेच घेता येते. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांच्या बाबतीत नायट्रेटचा धोका विशेष आहे, कारण त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. केवळ पट्टीच्या आधारावर विहीर बंद करू नये. तसेच निकाल मर्यादेखाली आला म्हणजे पाणी शुद्ध आहे, असा दाखलाही देऊ नये. पट्टीने जे मोजले नाही त्याबद्दल ती काही सांगत नाही.

हेच पदार्थ पाणी शुद्ध करण्यासाठी वापरता येतील का?

तत्त्वतः होय. झिर्कोनियमचे सांगाडे फ्लोराइड चांगले शोषतात. पण पट्टीला लागतो तो अंश आणि गावाच्या टाकीला लागणारे प्रमाण यांत फार अंतर आहे. फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुन्यावर आधारलेली नालगोंडा पद्धत आजही अधिक आवाक्यातली आहे.

तालुक्याच्या महाविद्यालयात असे संशोधन सुरू करता येईल का?

येईल. झिफ-८ हा जस्ताचे नायट्रेट आणि मिथिल-इमिडाझोल यांची द्रावणे साध्या तापमानाला मिसळून तयार होतो. यूआयओ-६६ साठी डायमिथिल फॉर्मामाइडसारखा घातक द्रावक आणि सुमारे १२० अंश तापमान लागते, तेव्हा धूरनियंत्रक कपाटाशिवाय तो करू नये. स्फटिकाची खातरजमा क्ष-किरण विवर्तनाने करावी लागते, त्यासाठी नमुना विद्यापीठाच्या उपकरण केंद्राकडे पाठवता येतो. छोटे पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारी उपकरणे) आणि छापील कार्बन पट्ट्या बाजारात मिळतात.

विद्यार्थ्यांना माझा आग्रह असा की नवा सांगाडा शोधण्याऐवजी माहीत असलेला एक टिकाऊ सांगाडा घ्यावा आणि आपल्या तालुक्यातील गोड, खारे, कठीण अशा वेगवेगळ्या विहिरींच्या पाण्यावर तो वर्षभर पारखावा. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून दोन्ही आकडे शेजारी मांडावेत, आणि जेथे ते जुळले नाहीत ते नमुने वगळू नयेत. न जुळणाऱ्या विहिरींच्या पाण्यात काय वेगळे होते, हे शोधताना खरे रसायनशास्त्र शिकायला मिळते.

वापरलेल्या पट्ट्या आणि द्रावणे कुठे टाकावीत?

विहिरीजवळ, नालीत किंवा उकिरड्यावर नाही. भर घालण्यासाठी वापरलेल्या शिशाच्या द्रावणात धातूचे प्रमाण विहिरीपेक्षा कितीतरी अधिक असते. झाकणाच्या वेगळ्या बाटलीत ती द्रावणे आणि बंद डब्यात पट्ट्या साठवाव्यात, दोन्हींवर आत काय आहे ते मराठीत ठळक लिहावे, आणि पुढच्या नमुन्यांबरोबर, विल्हेवाटीची सोय असल्याचे आधी विचारून, प्रयोगशाळेच्या स्वाधीन करावे.